तुम्ही विचारलंत म्हणून: माइक कुठला वापरता?

ड्रमचे सॅम्पल, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजवता येतील असे एकेका फटक्याचे रेकॉर्डिंग बनवतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, माइक कुठला? स्नेअरवर (खाली तारा लावलेला, खणखणीत वाजणारा ड्रम) शुअरचा एसएम ५७, जो कुठल्याही साध्या स्टुडिओत पडलेला असतो. झालं उत्तर. पण मग लगेच पुढचा प्रश्न येतो, की तोच माइक आमच्याकडेही आहे मग आमचे ड्रम पत्र्याच्या डब्यासारखे का वाजतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

माणसाला स्नेअरवर दोनदा अगदी सेम मारताच येत नाही. काडी जराशी इकडेतिकडे पडते, डावा हात थोडा हलका असतो. ऐकताना हे जाणवत नाही, पण हे फरक नसले की मात्र लगेच कळतं, तोच आवाज लागोपाठ सोळा वेळा आला की सरळ मशीनगन. म्हणून एकाच जोराचे आठेक फटके घ्यायचे आणि आळीपाळीने वाजवायचे, ह्यालाच राउंड रॉबिन म्हणतात. मिडीत, म्हणजे कुठला आवाज किती जोरात वाजवायचा हे कॉम्प्युटरला सांगायच्या भाषेत, जोराच्या १ ते १२७ पायऱ्या असतात, मी त्यातल्या दहाच घेतो. दहा पायऱ्या, आठ फटके, दोन हात, झाले १६०, आणि हे फक्त स्नेअरच्या मधोमध! कड, रिमशॉट (कातडं आणि कडी एकदम), क्रॉसस्टिक (काडी आडवी ठेवून कडीवर टक) अजून बाकीच. हायहॅटचं, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीचं, तर नावच काढू नका, पेडल किती दाबलंय त्याप्रमाणे दर वेळी सगळं पहिल्यापासून.

जोरातला फटका घेऊन व्हॉल्यूम कमी केला की हळू फटका होतो असं बऱ्याच जणांना वाटतं. नाही होत. जोरात मारल्यावर आवाजाला जी धार येते ती तशीच राहते, फक्त कोणीतरी लांब बसून बडवतोय असं वाटतं.

माझी पहिली चूक सांगतो. ड्रमर मित्राला म्हटलं, एक मार, थांब, परत एक मार. बिचारा भिंतीत खिळे ठोकल्यासारखा वाजवत होता, संपूर्ण दिवस वाया. आता त्याला क्लिकवर (कानात चालणारी टिकटिक) एक बार, म्हणजे एक आवर्तन, नीट ग्रूव्ह वाजवायला लावतो आणि पुढच्या रिकाम्या बारमध्ये एकच फटका, मग हात मोकळा राहतो. घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारे हलके फटके, तर दुसऱ्या कुठल्या पद्धतीने मला तरी मिळालेल्या नाहीत.

दुसरी चूक, पुण्यात गणपतीच्या आधीच्या महिन्यात सेशन लावलं. खिडक्या बंद केल्यावर ताशा बाहेरच राहिला पण ढोलाची धमक भिंतीतून थेट किकच्या (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) माइकात! शेवटी पथकाची प्रॅक्टिस संपल्यावर, पंखा-एसी बंद करून, घामाघूम होत मध्यरात्री राइड, म्हणजे मोठी झांज, घेतली. ती घुमत असते तोवर श्वासही जपून घ्यावा लागतो. १९८० साली रॉजर लिनने एलएम-१ काढलं, खऱ्या ड्रमचे सॅम्पल असलेलं पहिलं ड्रम मशीन, त्यात हायहॅट सोडून मोठ्या झांजाच नव्हत्या, कारण एवढी लांब घुमणारी गोष्ट मावेल इतकी मेमरी परवडत नव्हती. त्या रात्री मला त्याचा हेवा वाटला.

आणि प्लीज, रेकॉर्डिंगमधले बारीकसारीक आवाज सगळे धुवून काढू नका. टॉम (सेटमधले बाकीचे गोल ड्रम) मारल्यावर खाली स्नेअरच्या तारा खरखरतात, ती खरखर ठेवा, तिच्यामुळेच तो एक सेट वाटतो. दोन्ही ओव्हरहेड, म्हणजे सेटच्या वर टांगलेले माइक, स्नेअरपासून सारख्या अंतरावर आहेत ना हे सुतळीने मोजा, डोळ्यांवर विश्वास नको. रूमचा माइक तीन मीटरवर असेल तर त्यात आवाज साधारण ९ मिलिसेकंद उशिरा येणार, तो सरकवून बाकीच्यांशी जुळवत बसलात की खोलीच गायब होते.

ढोलकीचं कधी करणार, हेही विचारता. प्रयत्न केलाय. पण डाव्या तोंडावर तळवा दाबत दाबत सूर वर चढवतात ना, तो एका फटक्यात कुठे तोडायचा तेच कळेना. चाटीचे, म्हणजे उजव्या तोंडाचे, आवाज तेवढे छान आलेत, फोल्डरमध्ये पडून आहेत.