तुम्ही विचारलंत म्हणून : हात दुखत असताना घर कसे आवरता?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसे विचारतात. ज्यांना स्वतःला सांध्यांचा आजार आहे, ती काही उपाय मिळेल या आशेने विचारतात. ज्यांना तो नाही, ती बहुधा आमच्या जेवणाच्या टेबलाकडे पाहत विचारतात. त्या टेबलावर चहा-साखरेच्या बरण्या, औषधे, मनगटाचे पट्टे, शेकायची पिशवी आणि जाड मुठीची सुरी कायम मांडलेली असते. दोघांनाही माझे उत्तर एकच आहे : तो पसारा मी विचारपूर्वक ठेवलेला आहे.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. बोटांचे लहान सांधे आणि मनगटे सुजतात, सकाळी उठल्यावर हात आखडलेले असतात आणि ते मोकळे व्हायला अनेकदा तासाहून अधिक वेळ जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हा आजार दोन ते तीन पट अधिक आढळतो, आणि आपल्याकडे घर आवरण्याचे काम बहुतेक त्यांच्याच वाट्याला आलेले असते. दुखण्याइतकाच थकवाही खरा असतो. तो रात्रभर झोपूनही जात नाही, आणि दिसत नसल्यामुळे इतरांना सहसा पटतही नाही.

आपल्या मनातले आवरलेले घर म्हणजे वस्तू नजरेआड गेलेले घर. मोठी पातेली माळ्यावर, कुकर ओट्याखाली, डाळी घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत आणि पांघरुणे दिवाणाच्या पोटात. ही सगळी रचना धडधाकट शरीराच्या हिशेबाने झालेली आहे. माळ्यासाठी खांदा ताणावा लागतो, ओट्याखालच्या कुकरसाठी गुडघे मोडून बसावे लागते, दिवाणाची फळी मनगटांवर उचलावी लागते, आणि घट्ट झाकण उघडताना सगळा जोर अंगठ्याच्या मुळाशी येतो. सूज असलेल्या दिवशी यांतले एक काम जरी केले, तरी पोळ्या लाटायला हात उरत नाहीत. म्हणून मी निवड केली : रोज लागणारी प्रत्येक वस्तू कंबर आणि खांदा यांच्या मधल्या उंचीवर, उघड्यावर, एका हाताने ओढून घेता येईल अशी राहील, मग ती दिसायला कशीही दिसो. डाळ-तांदूळ हलक्या, रुंद तोंडाच्या बरण्यांत थोडे थोडे भरलेले असतात आणि झाकणे नुसती टेकवलेली असतात. पावसाळ्यात रवा लगेच खराब होतो, म्हणून तो अगदी थोडा आणते.

दोन बाबतींत मात्र मी तडजोड करत नाही. पहिली बाब जमिनीची. चार्जरच्या वायरी, कडा दुमडलेली पायपुसणी, दारातल्या चपला यांतले काहीही वाटेत राहू देत नाही, कारण या आजारात सूज उतरवायला दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होऊ शकतात आणि साधे घसरणेही महागात पडते. दुसरी बाब औषधांची. आमवातात मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेले तर रक्तपेशी धोकादायकरीत्या कमी होऊन जिवावर बेतू शकते. त्यामुळे त्याची डबी फॉलिक ॲसिड आणि इतर रोजच्या गोळ्यांपासून वेगळी ठेवलेली आहे आणि तिच्यावर वार ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. रक्ताच्या आणि यकृताच्या तपासण्यांचे अहवालही मी तारखेनुसार लावते, कारण डॉक्टरांना आधीच्या आकड्यांशी तुलना करावी लागते. घरातला हा कोपरा कोणीही, कोणत्याही दिवशी पाहावा.

बाकीचे राहते. धुतलेले कपडे खुर्चीवर पडून असतात, रद्दी साठते, पुस्तके आडवी रचलेली असतात. दिवाळीपूर्वी सगळे घर एका झपाट्यात काढण्याची आमच्याकडची रीत मी सोडून दिली, कारण त्यानंतर सणाचे दिवस अंथरुणात जात. आता बरे वाटेल त्या दिवशी एखादा कप्पा होतो, तोही बसून, आणि हात दुखण्याआधीच थांबून. ‘एवढेच राहिले आहे, उरकून टाकू’ हा विचार या आजारात फार घातक आहे.

तुमच्या घरी आईला, बहिणीला किंवा सुनेला हा आजार असेल आणि तुम्ही मायेने तिचे घर आवरायला जाणार असाल, तर एक विनंती आहे. कोणतीही वस्तू कपाटात टाकण्यापूर्वी ती तिथे का ठेवली आहे हे तिला विचारा. भांडी माळ्यावर चढवू नका, झाकणे जोर लावून बंद करू नका. ओल्या चादरी पिळून वाळत घाला, गहू दळून आणा, रद्दी खाली नेऊन द्या. टेबल आहे तसेच राहू द्या. उद्या सकाळी हात आखडलेले असताना तिला त्यावरचेच काही उचलायचे असेल.