लेडी फ्रँकलिन यांचा शोध आणि त्यांनी नाकारलेली साक्ष

खानदानी स्त्रीने जुन्या गूढाचा छडा लावावा, अशा कथा मी आवडीने वाचते. पण त्या साऱ्या नायिकांपेक्षा लेडी जेन फ्रँकलिन मला अधिक अस्वस्थ करतात, कारण त्या खऱ्या होत्या. जन्माने त्या लंडनच्या रेशीम व्यापारातल्या एका संपन्न घरातल्या; ‘लेडी’ हा मान पती सर जॉन फ्रँकलिन यांच्या किताबाबरोबर आला. मे १८४५ मध्ये सर जॉन ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही जहाजे घेऊन कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ समुद्रातून पॅसिफिककडे जाणारी वाट शोधायला निघाले. जुलैअखेर देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांवरच्या लोकांनी त्यांना बॅफिनच्या उपसागरात पाहिले आणि त्यानंतर १२९ माणसांसह ती दोन्ही जहाजे बेपत्ता झाली.

आरमार खात्याच्या शोधमोहिमांवर विसंबून घरी बसणे लेडी फ्रँकलिन यांना मान्य नव्हते. १८४९ मध्ये पतीच्या भाचीला सोबत घेऊन त्या स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवर गेल्या आणि उत्तर समुद्रातून परतलेल्या खलाशांकडे त्यांनी स्वतः चौकशी केली. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना त्यांनी मदतीसाठी पत्र लिहिले, बक्षिसे जाहीर केली, पदरचे पैसे घालून जहाजे पाठवली. १८५४ च्या मार्चअखेर बेपत्ता माणसांची नावे मृत म्हणून पटावरून कमी करण्याचे आरमाराने ठरवले, तेव्हा त्यांनी विधवेचे निवृत्तिवेतन नाकारले.

याच वर्षी खरी साक्ष हाती आली. हडसन्स बे कंपनीचे डॉ. जॉन रे यांना इनुइट लोकांनी सांगितले की, गोरी माणसे दक्षिणेकडे चालताना उपासमारीने मेली आणि अखेरीस त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले. पुरावा म्हणून रे यांनी चांदीचे काटे-चमचे आणि सर जॉन यांचे एक मानचिन्हही विकत घेऊन आणले. लेडी फ्रँकलिन यांना ही हकीकत असह्य झाली. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकात इनुइट लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही असे लिहिले, आणि जे लोक त्या बर्फात पिढ्यान् पिढ्या राहत आले होते त्यांची साक्ष लंडनमध्ये बसून खोटी ठरवली गेली. एरवी इतक्या चिकाटीने पुरावे गोळा करणाऱ्या या बाईंनी येथे निकाल आधीच ठरवून ठेवला होता, असे मला फार खेदाने म्हणावे लागते.

तरीही १८५७ मध्ये ‘फॉक्स’ ही लहानशी वाफेची नौका विकत घेऊन त्यांनी लिओपोल्ड मॅक्लिंटॉक यांना धाडले नसते, तर एकमेव लेखी पुरावा कदाचित हाती लागलाच नसता. १८५९ मध्ये मॅक्लिंटॉक यांचे सहकारी हॉब्सन यांना किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत आरमाराचा एक छापील कागद सापडला. मे १८४७ मध्ये त्यावर सर्व कुशल असल्याचे लिहिले होते. त्याच कागदाच्या समासात, कडेकडेने फिरत जाणाऱ्या अक्षरांत, एप्रिल १८४८ मधला दुसरा मजकूर होता. सर जॉन ११ जून १८४७ रोजी वारले होते, तोवर एकूण २४ जण दगावले होते आणि उरलेल्या १०५ जणांनी बर्फात अडकलेली जहाजे सोडली होती. म्हणजे पत्नीने पाठवलेले पहिले जहाज निघण्यापूर्वीच सर जॉन गेलेले होते. त्याच बेटावर घसरगाडीवर बांधलेली एक होडीही मिळाली. तिच्यात दोन सांगाडे होते आणि चहा, साबण, रेशमी रुमाल, चांदीचे चमचे असे उपाशी माणसांनी कशासाठी ओढत नेले असेल हे कळू नये असे सामान होते.

१८६० मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने लेडी फ्रँकलिन यांना सुवर्णपदक दिले आणि मॅक्लिंटॉक ‘सर’ झाले. रे यांना बक्षिसाचे १०,००० पौंड मिळाले, किताब मात्र कधीच मिळाला नाही. पुढे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा निघाल्या, आणि २०१४ मध्ये ‘एरेबस’ सापडले ते इनुइट लोकांनी जहाज बुडाल्याचे सांगितलेल्या भागातच.