इंग्लंडहून आयर्लंडला उबवणीची अंडी: ‘वीसच्या आत कागद लागत नाही’ हे साफ खोटं

सगळ्यात आधी हेच सांगते, कारण आमचे पैसे आणि झोप दोन्ही यापायीच गेलं. ‘वीसच्या आत अंडी असली की कागद लागत नाही’ असं तुम्हाला ब्रिटनमधला विक्रेता छातीठोकपणे सांगेल. कोंबड्या पाळणारा ओळखीतला कुणीही सांगेल. विश्वास ठेवू नका. युरोपियन युनियनच्या नियमांत २० चा आकडा आहे हे खरं, पण ती सूट नाही. वीसपेक्षा कमी अंड्यांसाठी आरोग्य दाखल्याचा नमुना वेगळा आहे, एवढाच त्याचा अर्थ. दाखला लागतोच, त्यावर सरकारमान्य पशुवैद्याची सही लागतेच आणि अंडी बंदरावरच्या तपासणी नाक्यावर हजर करावीच लागतात.

आम्ही आयर्लंडमधल्या मीथ काउंटीत राहतो, परसात खुराडं आहे. या वेळी लाइट ससेक्स आणि बफ ऑर्पिंग्टनची चांगल्या वळणाची पिल्लं हवी होती. दोन्ही जाती मूळच्या दक्षिण इंग्लंडमधल्या, त्यामुळे जुनी, नीट राखलेली वाणं तिकडेच मिळतील असं वाटलं. श्रॉपशरमधला एक ब्रीडर सापडला. फोनवर माणूस गोड बोलला. ‘अठरा घ्या, गाडीत ठेवा, कोणी विचारत नाही. विचारलंच तर खायची आहेत म्हणून सांगा.’ त्याच्या भरवशावर बोटीचं तिकीट काढलं, तेही पैसे परत न मिळणारं. मग खात्री करून घ्यावी म्हणून डब्लिनला कृषी खात्यात फोन लावला आणि तिथे सगळं चित्र पालटलं.

‘खायची आहेत म्हणून सांगा’ या सल्ल्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हे करू नका. पकडले जाल म्हणून नव्हे. पुलोरम नावाचा साल्मोनेलाचा प्रकार, ज्याने पिल्लांना पांढरी हगवण लागते, तो कोंबडीकडून अंड्यातून थेट पिल्लात उतरतो. अंडं बाहेरून चकचकीत दिसतं आणि रोग आत बसलेला असतो. एका ट्रेमुळे आख्ख्या गावाची खुराडी रिकामी होऊ शकतात. ज्यांनी मानमोडीत एका आठवड्यात सगळ्या कोंबड्या गेलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता मुख्य घोळ. लोक घाबरतात ते कस्टम्सला, आणि कस्टम्सचा इथे फारसा प्रश्नच नाही. माल ब्रिटिश मूळचा असेल तर ब्रिटन आणि युनियनमधल्या व्यापार करारानुसार ड्युटी शून्य आहे. डिक्लरेशन भरायचं, संपलं. खरी सीमा पशुवैद्यकीय आहे. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटन युनियनच्या दृष्टीने ‘तिसरा देश’, म्हणजे युनियनबाहेरचा देश झाला. वेल्समधल्या होलीहेड बंदराहून डब्लिन बोटीने सव्वातीन तास, पण अंड्याला लागणारे सोपस्कार एखाद्या दूरच्या खंडातून आल्यासारखेच. कस्टम्सवाल्याने सोडलं म्हणजे अंडी सुटली असं समजू नका. दोन खाती वेगळी, कागद वेगळे.

उत्तरेचा चोरवाटेचा सल्लाही ऐकायला मिळतो. स्कॉटलंडमधल्या केर्नरायनहून उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टला उतरा आणि गाडीने खाली या, मधे सीमेवर चिटपाखरू नाही. चिटपाखरू नाही हे खरं, पण जनावरांच्या आरोग्याचे नियम उत्तर आयर्लंडमध्ये युनियनचेच चालतात. त्यामुळे तपासणी बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरावरच होते. इतकंच काय, युनियनमधल्या एका देशातून दुसऱ्या देशात उबवणीची अंडी न्यायची तरी आरोग्य दाखला लागतो. हॉलंडहून जर्मनीत गाडी न थांबता जाते म्हणून अंडीही बिनकागदाची जातात, असं मुळीच नाही.

आता पशुवैद्य. माझा सगळा राग इथे आहे. निर्यात दाखल्यावर सही करायचा अधिकार असलेले खाजगी पशुवैद्य ब्रिटनमध्ये आहेत, पण ते स्वतःचा दर स्वतः ठरवतात. आमच्याकडे दिवस कमी होते आणि हे त्यांना कळलं. फोनवर एक रक्कम सांगितली. बिल आलं त्यात फार्मवर येण्याचं भाडं वेगळं, कळप पाहण्याची फी वेगळी, दाखल्यावरच्या सहीची वेगळी आणि प्रतींवर शिक्के मारण्याचे पुन्हा वेगळे. अंड्यांच्या किमतीच्या दसपटीहून जास्त. कळप पाहायला लागलेला वेळ म्हणाल तर गमबूट चढवण्या-उतरवण्यासकट चहा थंड होईपर्यंत. ब्रीडरकडे कळपाच्या साल्मोनेला चाचण्यांचे कागद आधीपासून होते म्हणून निभावलं. नसते तर प्रवास तिथेच संपला असता.

तेव्हा पशुवैद्याकडून सगळी कलमं धरून एकूण आकडा ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या आकड्याला काडीची किंमत नाही. आणि ब्रीडरला पहिल्याच फोनवर दोन गोष्टी विचारा: चाचण्यांचे कागद आहेत का, आणि पक्ष्यांची सरकारी नोंदणी आहे का. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची आहे. आयर्लंडमध्येही एका कोंबडीपासून नोंदणी लागते, म्हणजे तुमचीही हवी. जो ब्रीडर इथे अडखळला, त्याचा नाद सोडा.

वेल्समधला मधला दिवस छान गेला, कॉन्वीचा किल्ला पाहिला. पुढे.

रात्रीची बोट घेऊ नका. स्वस्त पडते म्हणून घेतली आणि पहाटेच्या अंधारात डब्लिनला उतरलो. आदल्या दिवशी युनियनच्या ट्रेसेस या ऑनलाइन प्रणालीवर आगाऊ नोंद केलेली होती, सगळे कागद फाइलमध्ये, तरी तपासणीला पशुवैद्य येईपर्यंत गाडीत बसून राहावं लागलं. बाहेर बोचरा वारा, पाऊस, आणि हीटर लावता येत नाही. का, ते नीट समजून घ्या. उबवणीचं अंडं १३ ते १८ अंशांत शांत असतं. २०-२१ अंशांच्या वर गेलं की आतला जीव हलू लागतो. मग पुन्हा गार झालं की अर्धवट वाढलेला गर्भ मरतो. गार अंडं एकदम गरम हवेत नेलं तर कवचावर दव धरतं आणि त्या ओलाव्यातून जंतू आत शिरतात. त्यामुळे मी दोन स्वेटर आणि नवऱ्याचं जाकीट अंगावर घेऊन मागच्या सीटवर बसले, मांडीवर खोकं आणि खोक्यात थर्मामीटर. आकडा १४ वरून हलला नाही. माझे पाय मात्र बधिर.

अधिकारी आले, सभ्यपणे वागले, खोकं उघडलं, मोजलं, दाखल्याशी ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, वाट पाहण्याबद्दल आहे. दुपारी पोचणारी बोट घ्या आणि नाक्यावर त्या वेळी पशुवैद्य हजर असेल का ते आधी विचारून ठेवा.

बोटीच्या वेळापत्रकावरही फार विसंबू नका. डिसेंबर २०२४ मध्ये डॅराग वादळात होलीहेडचे धक्के मोडले आणि बंदर जानेवारीच्या मध्यापर्यंत बंद होतं. अंडी सात दिवसांच्या आत यंत्रात गेली पाहिजेत, त्यापुढे उबवण घसरत जाते. म्हणून निघण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतलीच अंडी मागा, जुनी गळ्यात बांधून घेऊ नका. बर्ड फ्लूचं तर विचारूच नका. जवळ कुठे एक फार्म बाधित निघालं की ३ किलोमीटरचा संरक्षित आणि १० किलोमीटरचा देखरेखीचा पट्टा आखतात आणि आतून अंडंही परवान्याशिवाय हलत नाही. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी असतात तेव्हा हा धोका जास्त. उन्हाळ्याकडे जा.

खोकं फोमचं घ्या, अंड्याचा बोथट भाग वर ठेवा. डिकीत नाही, सीटवर पट्टा लावून. अंडी धुवू नका, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. घरी आल्यावर लगेच यंत्रात घालायची घाई करू नका, निदान २४ तास तशीच उभी राहू द्या. आम्ही अंधारात टॉर्चवर धरून पाहिली तेव्हा चार अंड्यांत हवेची पोकळी सुटून पाण्याच्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे डुलत होती. ती चार पहिले काही दिवस फिरवली नाहीत, उभीच ठेवली. त्यातली दोन उबली. मग नेहमीप्रमाणे ३७.५ अंश आणि अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद करून दमटपणा वाढवायचा. घरात खुडूक कोंबडी असली तरी प्रवासातून आलेली अंडी तिच्याखाली घालू नका. ती अंडी फिरवत राहते, तिला पोकळीचं काही कळत नाही.

गावाकडून हटकून विचारणा होते, ‘येताना दोन-चार अंडी आण की.’ नाही. भारतात उबवणीची अंडी न्यायला केंद्रीय पशुसंवर्धन विभागाचा आयात परवाना आधी घ्यावा लागतो आणि विमानतळावर पशु विलगीकरण केंद्राची परवानगी लागते. सामानात लपवून नेणं म्हणजे २००६ साली नवापूरला बर्ड फ्लूने काय झालं ते विसरणं. उलट दिशेनेही नाही. आपली गावठी अंडी युरोपात आणता येत नाहीत, कारण उबवणीच्या अंड्यांसाठी परवानगी असलेल्या देशांत भारत नाही.

अठरापैकी अकरा पिल्लं निघाली, धडधाकट आहेत. ती अजून जुन्या कोंबड्यांपासून वेगळी ठेवली आहेत, बाहेरून आलेल्या अंड्यांच्या पिल्लांना ते करावंच लागतं. पिल्लं देखणी आहेत, पण प्रवास परवडला नाही. लाइट ससेक्स आयर्लंडमध्येही चांगली मिळते, तासाभराच्या अंतरावर आणि बिनकागदाची. इथे अजिबात न मिळणारं वाण हवं असेल, पशुवैद्याचा आकडा लेखी हातात असेल आणि पुढचे दोन महिने मोकळे असतील, तरच होलीहेडची वाट धरा.