पत्राविना आलेला अर्धा तास

सोलापुरातल्या एका स्थानिक केबल वाहिनीच्या प्रक्षेपण कक्षात मी काम करते. कोणत्या मिनिटाला पडद्यावर काय जाईल याची प्लेलिस्ट माझ्याकडे असते, आणि ती बदलली तर बदलाचे कारण नोंदवहीत लिहिण्याची जबाबदारीही माझीच असते. बाहेरच्या माणसाला वाटते त्यापेक्षा आमचा वेळ फार आधी विकला गेलेला असतो. साड्यांची दुकाने, क्लासेस, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि श्रद्धांजली यांनी दिवस भरून जातो. संध्याकाळच्या बातम्यांनंतरचा साडेसातचा अर्धा तास एवढाच काय तो आमचा म्हणावा असा असतो, कारण त्या वेळी घरातली वडीलधारी माणसे पडद्यासमोर असतात.

गेल्या वर्षी १४ ऑगस्टला त्या अर्ध्या तासासाठी आम्ही स्वतः तयार केलेला कार्यक्रम प्लेलिस्टमध्ये लावला होता. विषय होता सोलापूरचा मार्शल लॉ. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात हरताळ झाला, ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस मागे हटले आणि काही दिवस कारभार लोकांनीच सांभाळला. त्यानंतर लष्करी कायदा आला आणि ज्या शहराने तिरंगा खांद्यावर घेतला होता तिथे तो हातात धरणे शिक्षेला पात्र ठरले. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. चार हुतात्मा पुतळ्यांपुढून रोज हजारो लोक जातात, तरी ही चार नावे पूर्ण सांगू शकणारी तरुण मुले मला फार थोडी भेटली आहेत. म्हणूनच आमच्या संकलकाने आणि मी पूर्व भागातल्या विणकर कुटुंबांत जाऊन ज्येष्ठांच्या आठवणी नोंदवल्या. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी सांगितलेली हकिगत काहींनी तेलुगूत सांगितली, काहींनी कन्नडमध्ये, तर काहींनी आपल्या सोलापुरी मराठीत.

त्या मुलाखतींखाली मराठी ओळी देणे हे या कामातले सर्वांत कष्टाचे काम होते. आमच्याकडचे शीर्षकाचे जुने सॉफ्टवेअर युनिकोड मराठी नीट दाखवत नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षर सोडून पुढे सरकते आणि जोडाक्षरे तुटतात. म्हणून प्रत्येक ओळ जुन्या फॉन्टमध्ये पुन्हा टंकलिखित करून, चित्र म्हणून साठवून, बोलणाऱ्याच्या श्वासाशी जुळवून बसवावी लागली. तेलुगू येणाऱ्या आमच्या एका कॅमेरामनने अर्थ तपासून दिला. एका आजींनी वापरलेल्या शब्दासाठी त्याने स्वतःच्या आजीला फोन केला, इतके त्याचे या कामात मन होते. एवढ्या निष्ठेने काम करणारी माणसे स्थानिक वाहिन्यांत असतात आणि त्यांच्या पगाराकडे पाहिले की मला आमच्या व्यवसायाचा राग येतो.

त्या १४ ऑगस्टच्या दुपारी एका शासकीय कार्यालयातून मालकांना फोन आला. शहरातल्या सगळ्या स्थानिक वाहिन्यांनी साडेसातला देशभक्तीपर चित्रफितींचा एकच संच दाखवायचा आहे, असा निरोप होता. मी लेखी पत्र मागितले. मालकांनी माझ्यासमोरच फोन लावून तसे विचारले, तेव्हा पलीकडचे गृहस्थ म्हणाले, “आता पत्र कुठलं मागायलाय हो? लावा की, अर्ध्या तासाचा तर विषय आहे.” पुढे त्यांनी असेही सांगितले की, रोज अर्धा तास राष्ट्रहिताचे कार्यक्रम दाखवण्याचा नियमच आहे.

हा नियम मी वाचलेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ नोव्हेंबर २०२२ रोजी मंजूर केलेल्या मार्गदर्शक सूचनांत उपग्रह वाहिन्यांवर रोज ३० मिनिटांच्या लोकसेवा प्रसारणाचे बंधन आले. ते उपग्रह वाहिन्यांसाठी आहे, आमच्यासारख्या केबलपुरत्या वाहिनीसाठी नाही. शिवाय त्यात साक्षरता, शेती, आरोग्य, विज्ञान, महिलांचे आणि दुर्बल घटकांचे कल्याण, पर्यावरण व सांस्कृतिक वारसा आणि राष्ट्रीय एकात्मता असे आठ विषय दिले आहेत, आणि त्यांतले काय व कसे दाखवायचे हे वाहिनीने ठरवायचे आहे. केबल वाहिन्यांना लागू असलेला १९९५ चा कायदा प्राधिकृत अधिकाऱ्याला कार्यक्रमांच्या ठरलेल्या नियमसंहितेत न बसणारा कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार देतो. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणेही केबलचालकाला सक्तीचे आहे. परंतु अमुक चित्रफीत अमुक वाजता लावा असे फोनवर सांगण्याचा अधिकार त्यात मला कुठेही सापडला नाही.

मालकांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि खिडकीबाहेरच्या खांबाकडे बोट दाखवले. ते म्हणाले, “ताई, कायदा तुमच्या बाजूनं असंल, पण आपली वायर त्या खांबावर आहे.” केबलचा धंदा जवळून न पाहिलेल्या माणसाला हे कळणे कठीण आहे. घराघरांत जाणारी आमची वायर वर्षानुवर्षे रस्त्यांवरच्या खांबांवरून लोंबत गेली आहे. तिच्या परवानग्या अर्धवट असतात, आणि एखाद्या सकाळी ती धोकादायक ठरवून कापली तर पेठेच्या पेठा अंधारात जातात. कोणालाही वाहिनी बंद करण्याचा आदेश काढावा लागत नाही. त्यामुळे मी मालकांना भित्रे म्हणणार नाही; त्यांच्यावर बऱ्याच घरांची चूल अवलंबून आहे. परंतु त्या खांबाची भीती घालावी लागणारी देशभक्ती मला मान्य नाही, हे मी त्यांना त्याच वेळी सांगितले.

चित्रफीत सातच्या सुमारास व्हॉट्सॲपवर आली. ती मोबाइलसाठी उभी घेतलेली होती, पुन्हा पुन्हा पाठवली गेल्याने चेहरे डागाळले होते आणि आवाज इतका चढवलेला होता की मीटरचा काटा लाल पट्टीतून खाली येईना. आम्ही बाजूच्या रिकाम्या जागेत धूसर पार्श्वभूमी भरली, आवाज उतरवला आणि वेळेत फाइल तयार केली, कारण पडद्यावर जाणारी गोष्ट वाईट दिसू देणे आम्हाला जमत नाही. निवेदन पूर्ण हिंदीत होते. त्या अर्ध्या तासात सोलापूरचा उल्लेख एकदाही आला नाही. प्रक्षेपण चालू असताना टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून पाठवा, असा दुसरा निरोप आला. तेव्हा माझ्या लक्षात आले की, त्या कार्यालयातल्या माणसालाही वर एक तक्ता भरून द्यायचा होता. किती वाहिन्या, किती मिनिटे, सोबत फोटो. त्यात काय दाखवले गेले हे पाहायला त्याला वेळ नव्हता आणि बहुधा कोणी विचारणारही नव्हते.

आमचा कार्यक्रम रात्री साडेदहाला गेला. ज्या आजींनी तो पाहण्यासाठी शेजारणींना बोलावले होते, त्या तोवर झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नातवाने फोन करून पुनर्प्रक्षेपणाची वेळ विचारली. ती मी मिळवून दिली, पण सकाळी अकराची, जेव्हा यंत्रमागांवरची माणसे कामावर असतात.

प्रक्षेपणाचे रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवून आम्ही पुसतो; नोंदवही मात्र राहते. त्या दिवसाच्या रकान्यात बदलाचे कारण म्हणून मी ‘तोंडी सूचनेवरून, पत्र मिळालेले नाही’ असे लिहिले आहे. तिथे ‘तांत्रिक कारण’ लिहावे, असे मालकांनी मला त्याच आठवड्यात सांगितले आणि यंदाचा ऑगस्ट जवळ आल्यावर पुन्हा सांगितले. तांत्रिक दोष कोणताही नव्हता, यंत्रे व्यवस्थित चालू होती, म्हणून मी ती नोंद बदललेली नाही. यंदा १४ ऑगस्टच्या साडेसातला तोच कार्यक्रम लावण्याचे पत्र मी मालकांना लेखी दिले आहे आणि त्यावर त्यांची सही अजून व्हायची आहे.