तीन फेरीबोटी आणि एक लेन्स : चोडण-नार्वे-दिवाडी सायकलवरून

पहाटे सव्वासहाला गोव्यातल्या रायबंदरच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा मांडवी नदीवर धुकं होतं आणि पलीकडचं चोडण बेट दिसतच नव्हतं. बरोबर सावंतवाडीहून आलेला माझा मावसभाऊ. त्याच्याकडे फक्त फोन. माझ्याकडे खिशात मावणारा रिको जीआर-थ्री कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. लेन्स एकच, मोठा देखावा टिपणारी रुंद; ती बदलता येत नाही, आणि झूमही नाही.

गेल्या वर्षी याच रस्त्यावर मी पाठीवर सॅक घेऊन आलो होतो. दोन लेन्स, ट्रायपॉड, सगळं. पाठ घामाने निथळत होती आणि अख्ख्या सकाळी कॅमेरा चारदाच बाहेर निघाला. सायकल उभी करा, सॅक उतरवा, चेन उघडा, लेन्स लावा, तोवर समोरचा माणूस शेताच्या दुसऱ्या टोकाला. त्या दिवशी न काढलेले फोटो मला अजून आठवतात. म्हणून यंदा नियम केला: पाय जमिनीला टेकल्यापासून तीन सेकंदांत फोटो निघेल असंच सामान घ्यायचं.

ही फेरी साधारण चाळीस किलोमीटरची. पणजीहून रायबंदरला जाणारा कॉजवे पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात बांधला. सुमारे तीन किलोमीटरचा हा सपाट रस्ता पहाटे पाय मोकळे करायला उत्तम. रायबंदरहून बोटीने चोडण, तिथून रस्त्याने मये आणि नार्वे, नार्व्याहून बोटीने दिवाडी बेट, दिवाडीहून तिसऱ्या बोटीने जुने गोवे आणि नदीच्या कडेने परत रायबंदर. सायकल बोटीवर सहज चढते. बोट लागली की आधी उतरणाऱ्यांना वाट द्या. स्कूटरवाल्यांना कामावर पोचायचं असतं.

मावसभावाने आदल्या रात्री विचारलं होतं, "दादा, सुकती कधी आहे ते बघितलंस का?" सुकती, म्हणजे ओहोटी. मी फक्त सूर्योदयाची वेळ बघितली होती. त्याचं बरोबर होतं. या पट्ट्यात उजेडाइतकंच पाणीही चित्र ठरवतं. मांडवीचं पाणी भरती-सुकतीला दीड-दोन मीटर वरखाली होतं. सुकतीला कांदळवनाची श्वसनमुळं उघडी पडतात, चिखलावर एक नांगी मोठी असलेले खेकडे बाहेर येतात, बगळे आणि तुतारी पक्षी चरायला उतरतात. भरतीला तीच जागा आरसा होते. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून गेल्या आठवड्याच्या आठवणीवर जाऊ नका. भरती-ओहोटीचं कोष्टक बघून दिवस ठरवा: सूर्योदयाच्या आसपास सुकती हवी असेल तर तसा, आरसा हवा असेल तर तसा. आम्हाला सातच्या सुमारास सुकती मिळाली.

चोडणच्या धक्क्याला लागूनच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्याचं प्रवेशद्वार आहे. अभयारण्य छोटं, १.७८ चौरस किलोमीटर. इथे रुंद लेन्सने पक्षी काढायचा प्रयत्न करू नका. खंड्या दिसला तर डोळे भरून पाहा, फोटोत तो ठिपकाच येणार. त्याऐवजी मुळांकडे वळा. वाकून, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की चिखलातून वर आलेली हजारो मुळं कॅमेऱ्यात एखाद्या गावासारखी दिसतात. मी एका जागी वीस मिनिटं थांबलो आणि त्यातून दोनच फोटो ठेवले. काठावरून खाली मात्र उतरू नका. चिखल मांडीपर्यंत ओढतो आणि या खाड्यांत मगरींचा वावर आहे.

पुढे चोडण गावात वळणावर भोंगा ऐकू आला. पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा. कॅरियरला पावाची मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, एक पाय जमिनीवर. सायकलवाल्याने सायकलवाल्याला थांबवणं सोपं असतं. मी विचारलं, "फोटो काडूं?"

"काड रे, पूण बेगीन. पाव थंड जातात."

तीन सेकंदांचा नियम इथे कामी आला. कॅमेरा आधीच एफ-८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान, फोकस दोन मीटरवर कायम. या लेन्सला एवढं केलं की साधारण एक मीटरपासून दूरच्या झाडापर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ येतं, फोकस शोधावा लागत नाही. कमी उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, चढू द्या, फोटोत दाणे दिसले तरी चालतील. हललेला चेहरा चालत नाही. फोटो काढून झाल्यावर आम्ही चार पोळ्यांची एक पिशवी घेतली. पोदेरच्या 'पोळ्या', म्हणजे कोंड्याचे गोल पाव. गरम पोळी नुसतीच खाल्ली तरी नाश्ता होतो.

कॅमेरा कुठे ठेवायचा? सायकलच्या जर्सीच्या मागच्या खिशात ठेवाल तर घामाने स्क्रीनवर वाफ धरते. माझ्या कॅमेऱ्यावर ती पहिल्या दहा किलोमीटरात धरली. छातीवर आडव्या पट्ट्याने, घट्ट, म्हणजे खड्ड्यात हापटत नाही. हँडलबारच्या पिशवीतही ठेवता येतो, पण तिथे सतत हादरे बसतात, तेव्हा खाली जाड फडकं घाला. एसी खोलीतून निघत असाल तर कॅमेरा निघण्याआधी अर्धा तास बंद पिशवीतच बाहेर ठेवा, नाहीतर गोव्याच्या दमट हवेत लेन्स धुकते. जादा बॅटरी घ्याच. छोट्या कॅमेऱ्याची बॅटरीही छोटी, दोनशे फोटोंच्या आसपास संपते.

चोडणहून मयेकडे थोडा चढ आहे, लाल माती, काजूची झाडं. हा भाग आम्ही भराभर कापला.

नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळात थांबलो. मूळ देऊळ पलीकडे दिवाडीवर होतं. १५४० च्या सुमारास पोर्तुगीजांनी ते पाडलं, नदी ओलांडून लिंग इकडे आलं आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. कौलारू उतरतं छप्पर, समोर दीपमाळ, मागे डोंगराची सावली. अलीकडेच त्याची पुन्हा दुरुस्ती झाली आहे. इथे मी बाहेरून एकच फोटो काढला: छपराची कड आणि तिच्याखाली चप्पल काढणारी आजी, पाठमोरी. देवळाच्या आत फोटो काढायचा असेल तर आधी पुजारीकाकांना विचारा.

नंतर नार्व्याच्या बोटीत बसल्यावर जाणवलं की आपण देवाच्याच वाटेने उलटे चाललो आहोत. दिवाडीवर उतरलं की तो प्रदेशही जुनं नार्वेच. जुन्या देवळाची दगडी तळी अजून तिथे आहे. माझ्यासाठी सगळ्या फेरीतली सगळ्यात मोलाची जागा तीच. फोटोत ती फार काही सांगत नाही. पायऱ्या, शेवाळ, हिरवं पाणी. तरीही तिथे बसा.

दिवाडीवर पिएदादच्या चर्चचा चढ छोटा पण तिखट आहे. वरून खाजन शेतं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेली भातशेतं, पूर्ण दिसतात: बांध, पाण्याच्या रेघा, मधे मानस, म्हणजे भरतीचं खारं पाणी अडवणारं लाकडी दार. बांधांवरून सायकल चालवायचा मोह होतो. तो आवरा. ते बांध मातीचे आहेत, पावसाळ्यात फुटला तर खारं पाणी थेट भातात शिरतं. सायकल रस्त्याला लावा आणि विचारूनच पायी जा. मानसाजवळ जाळं लावणारे लोक बहुतेक वेळा हसून बोलतात. आधी गप्पा, मग कॅमेरा.

अकरा वाजता ऊन पांढरं झालं. कॅमेरा पिशवीत घातला तो तिथेच. मी त्यानंतर फोटो काढत नाही, फक्त सायकल चालवतो. जुन्या गोव्याच्या बोटीतून उतरलं की समोर व्हाइसरॉयची कमान, तिच्याखालून सायकल ढकलत वर. पणजीच्या वाटेवर पातळभाजी-पाव खाल्ला.

घरी आल्यावर कॅमेरा पुसून, तांदळात नव्हे, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डब्यात ठेवा. सायकलच्या चेनवर खारं पाणी उडालेलं असतं, तिला त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून तेल लावा. दुसऱ्या दिवशी उशीर होतो, गंज तोवर आलेला असतो.