चोथ्याचं काय झालं

आमचं काम म्हणजे स्पिरुलिना पिळणं. पालघरकडच्या तळ्यांवरून गोठवलेलं ओलं शेवाळ अंधेरीच्या गाळ्यात येतं आणि त्यातून आम्ही फायकोसायनिन हा निळा रंग काढतो. तो आइस्क्रीममध्ये जातो, चेहऱ्याच्या क्रीममध्ये जातो, आणि फारच शुद्ध केला तर निदानाच्या किटमध्येही. (शास्त्राच्या हिशेबाने हे शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया आहे, बिलावर मात्र शेवाळच.) तळ्याच्या लिटरभर पाण्यात सुका माल जेमतेम ग्रॅमभर, म्हणजे आमच्या एका बॅचमागे वीसेक हजार लिटर पाणी गाळलेलं असतं.

क्लोरेला हे दुसरं शेवाळ असतं तर पेशी फोडायला मण्यांची गिरणी लागली असती. स्पिरुलिनाला सेल्युलोजची भिंत नाही. गोठवून वितळवली की फुटते. पीएच ७ च्या फॉस्फेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ढवळलं की पाणी निळंशार होतं. सेंट्रिफ्यूजमधून एका बाजूला हा अर्क, दुसऱ्या बाजूला हिरवा चोथा. आधी निळा, मग बाकीचं, हा क्रम मोडता येत नाही. कॅरोटिनॉइडसाठी, म्हणजे पिवळ्या-नारिंगी रंगांसाठी, आधी अल्कोहोल ओतलं तर निळ्याचं प्रथिन तिथेच फाटतं.

त्या शनिवारी दुपारी चिलरचा कॉम्प्रेसर बसला. ऑक्टोबर, गाळ्यात ३६ अंश, टाकीत ५०० लिटर अर्क. पन्नास अंशांपुढे हा रंग झपाट्याने मरतो, हे सगळेच वाचून असतात. मुंबईत भीती त्याच्या बरीच अलीकडे सुरू होते: अशा उकाड्यात कच्च्या अर्काला जिवाणू धरतात आणि रात्रीत तो राखाडी पडतो, वासासकट. सर्व्हिसवाला साकीनाक्याला अडकलेला. शेठ फोनवर, "मॅडम, माल क्रीमवाल्यांचाच आहे, लक्षात ठेवा." आमचे सल्लागार, पीएच.डी., म्हणाले, "थोडं सोडियम अझाइड टाका." अझाइड म्हणजे विष! प्रयोगशाळेतल्या इवल्याशा कुपीत ते चालतं, माणसाच्या पोटात किंवा गालावर जाणाऱ्या मालात नाही. ज्याने कधी टाकी धुतली नाही त्याचा सल्ला असाच असतो.

वाट काढली ती ऑपरेटर तांडेलकाकांनी. राहायला वेसावे कोळीवाड्यात, बर्फ कारखान्यात भाचा. "पंप चालू हाय ना? मग थंड पाण्याच्या टाकीत लाद्या टाकू." तासाभरात टेम्पो दारात, मासळीच्या वासासकट. बर्फ अर्काला लागणारच नव्हता, फक्त जॅकेटमधल्या, म्हणजे अर्काच्या टाकीभोवती फिरणाऱ्या, पाण्यात विरघळणार होता. तरी गुणवत्तेच्या मुलाने नाक धरून हरकत नोंदवलीच. नोंदवू दे, त्याचं कामच ते. अर्क २७ वर पोचला होता, अंधार पडेतो १४ वर आला. निळं प्रथिन खाली बसवायला रात्रभर अमोनियम सल्फेट हे मीठ चिमटी-चिमटीने टाकलं. एकदम ओतलं तर नको ती प्रथिनंही बरोबर खाली बसतात. सकाळी शुद्धतेचा आकडा काढला, ६२० नॅनोमीटरचं प्रकाशशोषण भागिले २८० चं: १.४३. क्रीमवाल्यांना १.५ लागतं. खाण्याच्या रंगाला ०.७ पुरतं, म्हणून लॉट आइस्क्रीमवाल्याकडे गेला. या आकड्याने फक्त बाकीच्या प्रथिनांच्या मानाने निळं किती ते कळतं, हे मी शिकाऊ मुलांना घोकून घेते; तरी गालाला लावायचं जास्त शुद्ध आणि पोटात जायचं कसंही चालेल, हे मला अजून पचत नाही.

शेठनी सोमवारी पेढे वाटले. बॅच वाचली!

चोथ्याचं कुणी विचारलं नाही. सुक्या वजनात अर्ध्याहून जास्त माल चोथ्यात असतो, त्यात प्रथिनं, कॅरोटिनॉइड, सगळं. तो कोळंबीच्या खाद्यवाल्याला जायचा. पण शीतखोलीही त्याच चिलरवर, आणि बर्फ होता तेवढा निळ्याला लागला. क्रेटमध्ये चोथा दोन रात्री उकडत पडला. खाद्यवाल्याने झाकण उचललं, परत ठेवलं आणि म्हणाला, "मॅडम, कोळंबीलाही नाक असतं." तो सगळा ओला कचरा म्हणून गेला, वर गाडीभाडं आमचं.

गुंतवणूकदारांना दाखवायच्या चित्रात शेवाळातून चार बाण निघतात: खाद्यरंग, सौंदर्यप्रसाधनं, पशुखाद्य, खत. खाली ठळक अक्षरात ‘शून्य कचरा’. त्या आठवड्यातही शेठनी ते दाखवलं. मी खोलीतच होते.

चोथ्यासाठी वेगळ्या वीजजोडणीवरच्या दोन डीप फ्रीझरची मागणी मी पावसाळ्याआधीच दिली होती. खरेदीवाले म्हणतात, चोथ्याच्या किमतीत ते बसत नाहीत. फ्रीझर नसेल तर चोथ्याला किंमत कुठून येणार, असं उत्तर लिहून पाठवलंय. अजून पोच नाही.