तांदळाचं धुवण

आमच्या गच्चीतल्या कुंड्यांना दोन वेळा पाणी मिळतं. सकाळी माझं, आणि दुपारी आईचं, म्हणजे तांदळाचं धुवण. कढीपत्ता, जास्वंद, गवती चहा सगळे त्यावर पोसले. लॅव्हेंडर तेवढं गेलं.

ते आणलं जूनमध्ये, हीच पहिली चूक. पुण्यात पाऊस लागला, त्यात वरून धुवण. पंधरा दिवसांत रोपाने मान टाकली. "पाणी कमी पडतंय रे त्याला," म्हणत आईने आणखी एक तांब्या ओतला. गंमत अशी की जास्त पाण्याने मुळं कुजली, की झाड हुबेहूब तहानलेलं दिसतं. उपटलं तेव्हा मुळं काळी पडली होती आणि मातीला डबक्याचा वास येत होता.

लॅव्हेंडर मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ टेकड्यांवरचं. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. आपल्याकडे नेमकं उलटं: उकाडा सरतो न सरतो तोच चार महिने ओल. जम्मूत भदरवाहला मक्याची शेतं मोडून लॅव्हेंडर लावलंय, तिथे ते फोफावतं, पण तिथे थंडीही तशी पडते. पुण्यात त्याच जातीचा हट्ट कशाला? दुसऱ्या खेपेला मी करवतीसारख्या कडांच्या पानांचं फ्रेंच लॅव्हेंडर आणलं. ते उकाडा जरा तरी सोसतं. आणलं तेही दिवाळी झाल्यावर.

मातीची कुंडी घेतली, तळाला खापराचे तुकडे टाकले. अर्धी माती, अर्धी जाड वाळू आणि विटांचा चुरा, मूठभर शेणखत, चिमूटभर चुना. आई बघत होती. "झाड लावतोयस का भिंत बांधतोयस?"

बाकी काम फारसं नाही. सहा तास ऊन, आणि कुंडी उचलून पाहायची: हलकी लागली तरच पाणी. फुलं सरली की हिरवे शेंडे छाटायचे. खालच्या लाकडी भागाला मात्र कात्री लावायची नाही, तिथून सहसा फुटत नाही. पावसाळ्यात कुंडी पत्र्याच्या आडोशाला. खरं कष्टाचं काम एकच, रिकाम्या हाताने तिच्याजवळून पुढे जायचं.

आणि याच कुळातलं एक रानटी रोप आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर आपलं आपण उगवतं, पावसाळ्याच्या शेवटी फिकट निळं फुलतं. त्याला ना वाळू, ना चुना, ना पत्रा! त्याच्याकडे पाहून मला थोडी लाज वाटते.

परवा दुपारी आई पातेलं घेऊन आली आणि लॅव्हेंडरपाशी थबकली. एक पान चुरडून नाकाशी नेलं. "दवण्याच्या जवळपासचा आहे, पण दवणा नाही," म्हणाली. चैत्रात जोतिबाला दवणा वाहिलेल्या बाईचा निकाल, त्यावर अपील नाही. मग धुवण जास्वंदीला घातलं.

संध्याकाळी कुंडी उचलली तर जड लागली.

"चमचाभरच घातलं," आतून आवाज आला.